बुटाचं नाक

"ज्याचे त्याने उचलायचे. धनी सापडला नाही तो जोड पिशवीत. आणि रडारड चालणार नाही, आधीच सांगून ठेवते."

बेबीने ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि जिन्याखालच्या कपाटात कमरेपर्यंत शिरली. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून तिची अर्धी हयात गेली होती. सुट्टीच्या दिवशी घरी असली तरी आवाज तसाच, पन्नास पोरींना एकदम उठवणारा. आतून एकेक जोड बाहेर भिरकावला जात होता आणि पुढच्या खोलीत अंथरलेल्या जुन्या चादरीवर येऊन आपटत होता.

तिची आई, माई, खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर फडकं, हातात ब्रश. पुसायचं निमित्त. खरं म्हणजे हे सगळं तिनेच काढलं होतं. चार दिवसांपूर्वी जेवताना ती एकदम म्हणाली होती, "चपलांचं कपाट आवरायला घेऊ या सुट्टीला. सगळ्यांनी घरी थांबायचं." सुतळीचा तुकडाही न टाकणारी बाई आवरायचं म्हणते, तेव्हा सगळे हातातला घास तसाच धरून बघत राहिले होते.

"माई, तब्येत बरी आहे ना?" धाकट्या मुलाने विचारलं होतं.

"माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय? दारात पाय ठेवायला जागा नाही, म्हणून म्हणते."

त्यात खोटं काही नव्हतं. घर तीन मजली आणि दार एकच. खाली माई आणि बेबी, मधल्या मजल्यावर थोरला आणि सून, वरच्या खोलीत एकटा धाकटा. सगळ्यांची पायताणं मात्र जिन्याखालच्या त्या एका कपाटात, एकमेकांच्या उरावर बसलेली. पण खरं कारण वेगळं होतं, आणि ते आता चादरीच्या कडेला, राखाडी कापडी बुटांच्या ढिगात पडलेलं होतं. माईला ते बसल्या जागेवरून दिसत होतं.

एक जोड. तसा नवाच. टाचा कोऱ्या, कापडाचा रंगही उतरलेला नाही. फक्त उजव्या बुटाचं नाक घासून घासून पांढरं पडलेलं, आतलं रबर दिसायला लागलेलं.

चार दिवसांपूर्वी आपली चप्पल शोधायला म्हणून वाकली, तेव्हा तिच्या हाताला तो लागला होता. आणि ती तिथेच, जिन्याच्या पायरीवर, तो मांडीवर घेऊन बसून राहिली होती.

त्या घरात त्या दुखण्याला नाव नव्हतं. म्हणजे डॉक्टरांनी एक लांबलचक नाव दिलेलं होतं, पण ते कुणी तोंडात घेतलं नाही. 'पायाचं' एवढंच म्हणायचे. सासऱ्यांना पायाचं होतं. मग थोरल्या दिरांना पायाचं सुरू झालं. मग माईच्या नवऱ्याला, नानांना. माई या घरात नवी आली तेव्हा सासूने तिला धान्य निवडता निवडता सांगून टाकलं होतं, जसं पाण्याची वेळ सांगावी तसं. "आपल्या घरात पुरुषांना येतं ते. बायकांना नाही, एवढं नशीब समजायचं."

नानांचं ध्यानात आलं ते बुटावरून. नाना घड्याळवाले. दिवसभर दुकानात डोळ्याला भिंग लावून बसलेले; बसलेल्या माणसाचा पाय कोण बघतो? हात शेवटपर्यंत असे स्थिर की केसाएवढा काटा नेमका बसवतील. पण उजव्या बुटाचं नाक झिजायला लागलं. पाऊल उचलताना चवडा खालीच राहायचा आणि जमिनीवर ओढला जायचा. नानांनी आधी बूटवाल्याला दोष दिला, मग रस्त्याला, मग बूटवालाच बदलला. घरात सगळ्यांना कळून चुकलं होतं. नानांना तेवढं कुणी सांगितलं नाही. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, नको, माणूस खचेल. डॉक्टरही म्हणाले, बघू हळूहळू. आणि मग एक दिवस उंबऱ्याशी पडल्यावर नाना जमिनीवरूनच म्हणाले होते, "तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं, होय ना? मग मी एकटाच अंधारात चाचपडत का होतो?"

ते वाक्य माईच्या कानातून गेलं नव्हतं. म्हणून तिने ठरवलं होतं. कोणाचाही निघो, कळलं की त्याच दिवशी, स्वतःच्या तोंडाने त्याला सांगायचं. फक्त तो बूट कोणाचा, ते आधी कळायला हवं होतं.

आणि ते कळायला काही मार्गच नव्हता. त्यालाही नानाच कारण.

पोरं लहान असताना नव्या बुटांवरून रोज हाणामाऱ्या व्हायच्या. याचे चकचकीत, त्याचे जुने. नानांनी एक दिवस कंटाळून एकाच दुकानातून एकाच मापाचे, एकाच राखाडी रंगाचे कापडी बूट आणले आणि जाहीर केलं, "यात तुझं-माझं नाही. दाराशी जो हाताला लागेल तो घालायचा." पोरांची मापंही अशी की थोड्याच वर्षांत तिघांना नानांचंच माप आलं. तिघांना म्हणजे बेबीलासुद्धा. तिच्या पायांवरून घरात इतके विनोद झाले होते की पुढे कुणाला हसूही यायचं नाही. नाना गेले, पण रीत राहिली. थोरला वर्षातून एकदा राखाडी जोडांचा गठ्ठाच आणायचा आणि जो आधी बाहेर पडेल तो हाताला लागेल तो घालून जायचा. एका घरात राहून स्वतःचा बूट ओळखता न येणारी माणसं जगात फक्त हीच असतील.

"हे बघा, हे बघा!" बेबीने सोनेरी, उंच टाचांचे सँडल पट्ट्याला धरून नाचवले. "वहिनी, हे तुमचे. हे घालून मी तुम्हाला फक्त बसलेलं पाहिलंय."

"महाग होते हो ते," थोरली सून म्हणाली.

"म्हणून बसून राहायचं?"

"टाकू नका, बेबीताई. चिमीला देईन."

"चिमीला? तिला आता पोटापुढे स्वतःचे पाय दिसत नाहीत, तिला टाचा कुठे देताय!"

थोरला हसला. सून हसली नाही. चिमी ही त्यांची एकुलती एक लेक, परगावी, पहिल्या बाळाच्या वाटेवर. माईने सुनेकडे पाहिलं. सुनेची नजर सँडलवर नव्हतीच. राखाडी ढिगावर होती. माईची नजर आपल्यावर आहे हे कळताच ती चटकन वळली आणि उगाचच पॉलिशच्या डब्या एकावर एक रचायला लागली.

हिलाही माहीत आहे, माईच्या मनात आलं.

"हा फुटबॉलचा बूट कोणाचा?" बेबी कपाटातून ओरडली.

"माझा," धाकटा म्हणाला. "राहू दे तो."

"फुटबॉल राहिला नाही, गुडघा राहिला नाही, बूट कशाला राहू देऊ?"

"तू पोरींची प्रेमपत्रं जप्त करतेस तशी माझी इज्जत जप्त करू नकोस, ताई."

"पिशवीत!" बेबी मागे सरकत बाहेर आली, हातात तीन खोकी. वळताना तिचा पाय चादरीच्या दुमडीत अडकला, खोकी हातातून सुटली आणि ती गुडघ्यावर आली.

"धडपडी!" दोघे भाऊ एका सुरात ओरडले.

"बघून चाल गं जरा," माई सवयीने म्हणाली. "अगदी आत्यावर गेलीस."

ही आत्या म्हणजे नानांची धाकटी बहीण. घरभर आपटत, ठेचकाळत फिरायची. तिच्या हातातलं दूध उंबऱ्यावर सांडायचंच. लक्षच नसतं पोरीचं, असं सासू कपाळाला हात लावून म्हणायची. भर तारुण्यात जिन्यावरून पडून गेली. मागे राहिलं ते फक्त 'धडपडी' हे नाव, आणि ते पुढे बेबीला लागलं.

"चादर कोणी अशी अंथरलीय?" बेबी हसत उठली. "माझ्या हॉस्टेलवर असती ना, तर दंड!"

मग नानांचे शेवटचे बूट निघाले. चाकाच्या खुर्चीतल्या दिवसांतले, चिकटपट्टीचे. उलटे केले तर तळवे कोरे करकरीत, धुळीचा कणही नाही. बेबीने जोड हलक्या हाताने माईपुढे धरला.

"हे राहू देत, माई. हे मी नाही मोजत."

"दे पिशवीत," माई म्हणाली.

"अगं..."

"चालायला म्हणून केलेले आहेत ते. कोणाच्या तरी पायात चालू देत."

थोरला खिडकीबाहेर बघायला लागला. तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होता. जन्मभर गळत्या शोधल्या, पण स्वतःच्या डोळ्यांत पाणी आलं की त्याला नेहमी खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसायचं.

बेबीने हात झटकले. "चला. आता हा राखाडी कळप. यात मी पडत नाही, तुमचं तुम्ही निस्तरा. जोड लावा, आपापले घ्या, एकेक कप्पा प्रत्येकाला. मी ही खोकी माळ्यावर टाकून येते."

"मी नेतो," धाकटा उठला.

"तू बस. तू नेतोस आणि पहिल्या मजल्यावर ठेवून येतोस, मला माहितीये." खोकी छातीशी धरून ती जिना चढायला लागली.

माईने ब्रश खाली ठेवला. हीच ती वेळ.

दोघे भाऊ चादरीवर मांडी घालून बसले आणि जोड लावायला लागले. एकेक जोड निघत गेला. हा घे तू, तो मी घेतो. याची नाडी तुटलीय. याला डांबर लागलंय, हा तूच घातला होतास. माई त्यांच्या हातांकडे बघत होती. दोघांचेही हात त्या एका जोडाला वळसा घालून जात होते, जशी ताटातली मिरची बाजूला सारावी. शेवटी सगळे संपले आणि तोच मधोमध राहिला. उजव्याचं नाक पांढरं.

"चहा टाकते," सून एकदम म्हणाली. वाकली, तो जोड उचलला आणि जाता जाता द्यायच्या पिशवीत टाकून स्वयंपाकघरात निघून गेली. इतक्या सहजपणे, की एखाद्याला वाटावं तिने रद्दी उचलली.

माई भिंतीला धरत तिच्या मागे गेली.

गॅसवर आधण ठेवून सून ओट्याला टेकून उभी होती. दोन्ही हातांनी ओट्याची कड धरलेली.

"तो जोड पिशवीत का टाकलास?"

"धनी नाही त्याला. बेबीताईच म्हणाल्या ना, धनी नसेल तर पिशवीत."

"माझ्याशी असं बोलू नकोस."

आधण वाजायला लागलं.

"कधी पाहिलास?" माईने विचारलं.

"झाले बरेच दिवस." तिचा आवाज अगदी खाली गेला. "रोज रात्री यांच्या पावलाकडे बघते, माई. झोपेत. अंगठा हलतो की नाही ते बघते. हलला की झोपते. परवा कचेरीच्या पायरीवर ठेचकाळले म्हणाले, तर मी दोन घास खाऊ शकले नाही. आणि चिमीचा फोन आला की ती सांगते, आज बाळाने लाथ मारली. लाथ, माई! मला आनंद व्हायचा सोडून त्या पायांचीच भीती..." तिने पदराने नाक पुसलं. "नका ना शोधू. मी पाया पडते. राहू दे तसंच."

"राहू दिलं की थांबतं का ते?"

"आणि शोधलं की थांबतं? नानांचं कळलं तेव्हा तुम्ही काय केलंत? काय करण्यासारखं होतं?"

हे तिने आजवर कधी विचारलं नव्हतं. माईला राग यायला हवा होता. आला नाही.

"करण्यासारखं काहीच नव्हतं," ती म्हणाली. "पण सोबत बसता आलं असतं. आम्ही त्यांच्या पाठीमागे बसलो. समोर नाही बसलो."

सूनबाईने चहाची पूड टाकली, ती जरा जास्तच पडली. तेवढ्यात बाहेरून चढे आवाज आले.

माई दारात आली तेव्हा पिशवी उलटी झालेली होती आणि धाकट्याच्या हातात तो जोड होता. थोरला त्याच्यासमोर उभा.

"ठेव तो," थोरला म्हणाला.

"का? माझा आहे तो."

"तुझा नाही. माझा आहे."

"दादा, मी रोज हाच घालून नानांच्या दुकानात जातो."

"काहीतरी बोलू नकोस, छोट्या. हाच घालून मी भाजी आणतो."

लहानपणी ह्याच खोलीत, अशाच चढ्या आवाजात दोघे नव्या जोडावरून भांडायचे. माझा, माझा. नानांनी त्यासाठीच तर ही रीत पाडली. आणि आज केस पिकल्यावर दोघे एका झिजलेल्या बुटाची एकेक नाडी धरून तेच शब्द बोलत होते. माईने दाराची चौकट घट्ट धरली.

"तू ऐक माझं," थोरल्याचा आवाज फाटला. "माझं आयुष्य झालंय. लेक मार्गी लागलीय. तू यात पडू नकोस."

"म्हणून तुझाच असायला हवा? लेक आहे म्हणूनच तुझा नसायला हवा. माझ्यामागे कोण आहे? मी त्यासाठीच तर कोणाला मागे ठेवलं नाही." धाकटा हसण्याचा प्रयत्न करत होता. ठरलेलं लग्न त्याने ऐनवेळी का मोडलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या तोंडून ते पहिल्यांदाच बाहेर पडलं. "मी तयारी करून बसलोय, दादा. किती वर्षं झाली. रोज सकाळी एका पायावर उभा राहून बघतो. तुला जमणार नाही ते."

"चालून दाखव."

"काय?"

"भिंतीपासून दारापर्यंत. टाचांवर. चवडे वर उचलून. नानांना डॉक्टर असंच करायला लावायचे."

"तू आधी."

आणि ते दोघे खरंच चालले. आधी थोरला, पोट सांभाळत, हात पसरून, चवडे वर धरून. मग धाकटा. एकाच्या पाठोपाठ एक, त्या चपलांच्या पसाऱ्यातून वाट काढत. दुसरी कुठली वेळ असती तर माई पदर तोंडाला लावून हसली असती. आता ती श्वास रोखून पाहत होती. सून तिच्या खांद्याशी येऊन उभी होती. तिची बोटं माईच्या दंडात रुतत होती. थोरल्याचे चवडे वर. दोन्ही. दारापर्यंत. परत. धाकट्याचे चवडे वर. दोन्ही. पार भिंतीपर्यंत.

दोघे थांबले. एकमेकांच्या पायांकडे बघत राहिले.

"मग?" धाकटा म्हणाला. "मग हा कोणाचा?"

जिन्यावर पावलं वाजत होती. बेबी माळ्यावरून खाली येत होती. माईला ती पावलं मघापासून ऐकू येत असावीत, पण तिचं सगळं ध्यान मुलांच्या चवड्यांवर होतं. आता खोलीत कोणी बोलत नव्हतं. टप. सर्र. टप. सर्र. एक पाऊल पडत होतं आणि एक घासत येत होतं.

हा आवाज माईला ओळखीचा होता. नानांची वाट बघत ती याच खोलीत बसायची, तेव्हा हाच आवाज दारापर्यंत यायचा.

शेवटच्या पायरीवर बेबीचा पाय अडला. तिने कठड्याला धरून तोल सावरला.

"हं, म्हणा, धडपडी!" तीच म्हणाली. कुणी म्हणालं नाही. "काय झालं? असे काय उभे आहात सगळे? चहा उतू जातोय का?" मग तिची नजर धाकट्याच्या हाताकडे गेली. "अरे, माझे बूट का घेऊन बसलायस?"

"तुझे?" थोरला म्हणाला.

"मग काय! सकाळी फिरायला मी हेच घालते. सँडल चावतात मेले." ती जवळ आली, धाकट्याच्या हातातून उजवा बूट घेतला आणि आत बोटं घालून मऊ, जांभळ्या लोकरीचा तळवा ओढून बाहेर काढला. "हे बघ. माझ्या पोरींनी विणून दिलाय. तुमच्यासारखं नाही माझं, जो मिळेल तो घाला. यात-तुझं-माझं-नाही तुम्हाला लखलाभ."

इतके दिवस सगळ्यांनी त्या बुटाचं नाक पाहिलं होतं. आत हात कुणी घातला नव्हता.

सुनेची बोटं माईच्या दंडावरून सुटली. तिने खोल श्वास सोडला. तो इतका मोठा होता की सगळ्यांना ऐकू गेला, आणि लगेच तिने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले, जणू तो परत आत घ्यायचा होता. थोरला खिडकीकडे वळला. धाकटा तिथल्या तिथे चादरीवर बसला, त्या सगळ्या बुटांच्या मधोमध, उरलेला डावा बूट मांडीवर घेऊन.

"वहिनी, रडताय कशाला?" बेबी म्हणाली. "दादा? अरे, कोणी मला सांगेल का?"

कोणी सांगेना. माईला ती शांतता चांगलीच परिचयाची होती. असंच गप्प राहून, एकमेकांकडे न बघता, या घराने नानांना एकटं पाडलं होतं. आता थोरला म्हणेल, काही नाही गं. सून म्हणेल, चहा गाळते. आणि सगळे पुन्हा पाठीमागे जाऊन बसतील.

"काही नाही गं," थोरला खिडकीतूनच म्हणाला. "आपलं असंच..."

"तू गप्प बस," माई म्हणाली.

ती हळूहळू आपल्या खुर्चीपर्यंत गेली आणि बसली. शेजारचं बुटकं स्टूल तिने पायाने पुढे ओढलं.

"बेबी, इकडे ये. बस."

"पिशव्या देऊन येते, मग बसते निवांत. जुने जोड घेणारे लोक दुपारनंतर थांबत नाहीत."

"आत्ता बस."

बेबीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग हातातला बूट तसाच घेऊन ती स्टुलावर बसली, रेक्टर बाईंनी बोलावलेल्या एखाद्या पोरीसारखी. माईने वाकून तिचं उजवं पाऊल उचललं आणि मांडीवरच्या फडक्यावर घेतलं. मोठं, हाडाचं, नानांसारखं पाऊल. अंगठ्याच्या कडेला जुन्या-नव्या ठेचांचे व्रण. बेबी शाळेत जायची तेव्हा माई याच खुर्चीत बसून या पायातल्या बुटाच्या नाड्या बांधायची आणि पोरगी सारखी लाथा झाडायची. आता पाऊल अगदी शांत होतं. माईने ते दोन्ही हातांत धरून ठेवलं.

"तुझी एक आत्या होती," ती म्हणाली. "सगळे तिला धडपडी म्हणायचे."

"हो की. माझ्यासारखी." बेबी अजून हसत होती. हसता हसता तिने हातातल्या बुटाकडे पाहिलं, त्याच्या पांढऱ्या पडलेल्या नाकावरून तिचा अंगठा एकदा फिरला आणि तिथेच थांबला.

"हो," माई म्हणाली. "तुझ्यासारखी."